कादंबरी उरली म्हणून सिनेमा उरला?

बाबूराव पेंटरांच्या १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. ज्या कादंबरीवरून तो काढला, ती हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ मात्र अजून छापली जाते, विकली जाते, वाचनालयांत हाताळून हाताळून मऊ झालेली सापडते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून हल्ली एक तिसरी सुचवली जाते. कथा आहे, पात्रं आहेत, त्या काळची छायाचित्रं आहेत, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं हाताशी आहेत. मग ‘सिंहगड’ पुन्हा उभा का करू नये? यावर दुसरी बाजू लगेच खवळते. पेंटरांचा अपमान, इतिहासाशी खेळ, यंत्राची काय बिशाद, असं सगळं सुरू होतं. हा वाद वाचताना वाटत राहतं, की दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताहेत. एका बाजूला वाटतं हरवली ती गोष्ट, दुसरीला वाटतं हरवलं ते पावित्र्य. माझ्या मते हरवला आहे तो पुरावा, आणि पुरावा पुन्हा बनवता येत नाही. नवा चित्रपट कुणी खुशाल काढावा, यंत्राकडून काढून घ्यावा, पण त्याला १९२३ चा ‘सिंहगड’ म्हणू नये आणि ‘वारसा जतन’ या नावाखाली सरकारी पैसा तर त्याला अजिबात मिळू नये. तो पैसा आणि त्यापेक्षाही तो कायदा दुसरीकडे लागायला हवा.

पुरावा कशाचा, ते आधी पाहू. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणारा एक माणूस स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार करतो, तानीबाई कागलकरांच्या पैशावर आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने महाराष्ट्र फिल्म कंपनी काढतो, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरात लावतो आणि तीन वर्षांनी लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरी पडद्यावर आणतो. त्यात शेलारमामाचं काम करतो तो विशीतला शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. रात्रीच्या प्रसंगांसाठी विजेच्या दिव्यांचा वापर या चित्रपटात झाल्याचं चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. दामले आणि फत्तेलाल याच कंपनीत तयार झाले. १९२९ मध्ये ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभातचे बोलपट आपण पाहू शकतो, त्यांच्या प्रकाशयोजनेवर आणि नेपथ्यावर लेख लिहू शकतो. पण ती नजर घडली कुठे? पेंटर आपल्या चौकटीत माणसं कशी उभी करत, रंगवलेल्या पडद्याची सवय कॅमेऱ्यामागे कुठवर टिकली आणि कुठे सुटली, गडावरचा अंधार दिव्यांच्या उजेडात पडद्यावर नेमका कसा दिसला? याची उत्तरं ‘सिंहगड’मध्ये होती. कादंबरीत ती नाहीत आणि असणारही कशी? हरिभाऊ १९१९ मध्येच गेले. आपल्या कादंबरीचा चित्रपट झालेला त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करायला हवं. ‘मूळ ते मूळ’ एवढं म्हणून हा प्रश्न मिटत नाही, कारण आपल्याच परंपरेत हरवलेलं परत उभं करण्याची मोठी उदाहरणं आहेत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि गाथा लोकांच्या मुखातून परत आली, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. महाभारताचं मूळ हस्तलिखित कुणीच पाहिलेलं नाही. तरी भांडारकर संस्थेने देशभरातली हजारावर हस्तलिखितं तपासून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केलीच. तिचे संपादक सुकथनकर यांना ‘हा व्यासांचा अपमान आहे’ म्हणून घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं? शिवाय एक व्यवहाराचा मुद्दा आहे. यंत्राने रचलेला का होईना, ‘सिंहगड’ पाहून कॉलेजातल्या चार मुलांना बाबूराव पेंटर हे नाव कळलं, तर ते वाईट कसं? आज किती जणांना ते नाव माहीत आहे? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण याच उदाहरणांकडे नीट पाहिलं तर ती उलट साक्ष देतात. गाथा परत आली ती ज्यांना अभंग पाठ होते त्यांच्याकडून. म्हणजे प्रत अस्तित्वात होती, फक्त ती कागदावर नव्हती, माणसांत होती. १९२३ चा ‘सिंहगड’ पाहिलेला माणूस आज कुठे आहे? आणि असता, तरी अभंग पाठ होतो तसं दृश्य पाठ होत नाही. ‘पेटीतबल्याच्या साथीत पडद्यावर मावळे दोर धरून वर चढत होते’ असं कुणी सांगेल, पण कॅमेरा दरीत होता की कड्यावर, हे त्याला सांगता येणार नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं तर याहून बोलकं आहे. तिथे संपादकांना ज्या पाठाची खात्री नव्हती त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. जे वगळलं ते फेकलं नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत सगळं दिलं. वाचणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशी कळतं, की इथे पाय भक्कम आहेत की डळमळीत. यंत्राने रचलेल्या ‘सिंहगड’मध्ये नागमोडी रेघ कुठे मारायची? पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत सगळ्याखालीच ना? ज्याचा प्रत्येक शब्द शंकास्पद आहे त्याला आवृत्ती म्हणत नाहीत. हॉलिवूडमध्ये ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ या जळालेल्या मूकपटाची स्थिरचित्रं ओळीने लावून २००२ मध्ये एक रूप तयार केलं गेलं. मला ते प्रामाणिक वाटतं. ते पाहताना तुम्ही चित्रपट पाहत नाही आहात हे क्षणभरही विसरता येत नाही. जिथे काही नाही तिथे काही नाही हे दिसतं. हालत्या चित्रांनी भोक बुजवलं की नेमकी तीच जाणीव मरते.

अजिंठ्याचं उदाहरणही देतात, तेही पाहू. रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या; त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून दहा-बारा वर्षं तिथे खपले. त्या नकलांपैकीही बऱ्याच लंडनमध्येच दुसऱ्या आगीत जळाल्या. ज्या वाचल्या त्या आज अमोल आहेत, कारण भिंतीवरचं काही तेव्हापासून आणखी पुसट झालं आणि नकलेत ते टिकलं. मग नक्कल मोलाची असतेच की! असते, पण ती करणारे विद्यार्थी भिंतीसमोर उभे होते. मूळ चित्र आणि ब्रश यांच्यामध्ये फक्त त्यांचा डोळा होता. ‘सिंहगड’ची नक्कल करणाऱ्या यंत्रासमोर कुठली भिंत आहे? त्याच्यासमोर असतील ते नंतरचे शेकडो ऐतिहासिक चित्रपट. म्हणजे पेंटरांनंतर शंभर वर्षांत तयार झालेल्या सवयींवरून आपण पेंटरांना घडवणार. त्यात तानाजी कसा दिसेल याचा अंदाज २०२० चा हिंदी ‘तान्हाजी’ पाहिलेल्या कुणालाही बांधता येईल.

एक घोटाळा तर आपल्या अंगणातच झालेला आहे. भारतीय चित्रपटाची सुरुवात म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ची जी दृश्यं आपण प्रत्येक माहितीपटात पाहतो, ती १९१३ च्या मूळ चित्रपटातली नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटातली आहेत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. हे पुन्हा करणारे कोण? स्वतः फाळके! तोच माणूस, तोच हात, मध्ये फक्त चार वर्षं. तरीही त्या चार वर्षांत फाळके ‘लंकादहन’पर्यंत पोचलेले होते, हात बसलेला होता. तेव्हा १९१७ ची दृश्यं दाखवून १९१३ मध्ये भारतीय सिनेमा कुठे होता हे सांगणं धोक्याचंच. जिथे कर्त्यानेच केलेल्या दुसऱ्या रूपाने इतका गोंधळ घातला, तिथे शंभर वर्षांनंतरच्या अनुकरणाचा एखादा तुकडा वीस वर्षांनी ‘१९२३ चा सिंहगड’ म्हणून फिरायला लागणार नाही, याची हमी कोण देणार? खालची बारीक अक्षरांतली सूचना कापून चित्रफीत पुढे पाठवायला कितीसा वेळ लागतो?

या सगळ्या वादात ज्या चित्रपटाचं नाव निघायला हवं आणि निघत नाही, तो आपला नाही, केरळचा आहे. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांची ‘मार्तांड वर्मा’ ही १८९१ ची मल्याळम ऐतिहासिक कादंबरी. लोकप्रियता आपल्याकडे हरिभाऊंची होती तशीच. पी. व्ही. राव यांनी १९३३ मध्ये तिचा मूकपट केला. पण कादंबरीचे हक्क होते तिरुवनंतपुरमच्या कमलालय बुक डेपोकडे. चित्रपट लागला आणि प्रकाशक कोर्टात गेला. खेळ बंद झाले, प्रत प्रकाशकाच्या ताब्यात आली आणि पुस्तकवाल्याकडे पडून राहिली. १९७४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ती मिळवली. निर्मात्याच्या दृष्टीने याहून वाईट नशीब कुठलं? आणि चित्रपटाच्या दृष्टीने याहून चांगलं? ज्या मूकपटांना यश मिळालं ते गावोगावच्या तंबूंत चालून चालून झिजले, ओरखडले, शेवटी त्यांतली चांदी काढण्यासाठी भंगारात गेले. ज्याला कोर्टाने अडवलं तो टिकला. त्यात काय टिकलं तेही पाहण्यासारखं आहे. कथेबरोबर त्यात त्रावणकोरच्या तत्कालीन महाराजांच्या मिरवणुकीची प्रत्यक्ष चित्रित केलेली दृश्यं आहेत. अठराव्या शतकातल्या राजाची गोष्ट सांगताना चित्रपटकाराने आपल्या काळचा राजा जोडून दिला. का? भक्तीने, जाहिरातीसाठी, की राजाची मर्जी राहावी म्हणून? यावर अभ्यासक वाद घालू शकतात, कारण दृश्य समोर आहे. समजा हा चित्रपट जळाला असता आणि आज कुणी कादंबरीवरून तो पुन्हा रचायला बसला असता. ती मिरवणूक त्याला सुचली असती?

योगायोगावर किती विसंबणार, हा यातून निघणारा खरा प्रश्न आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले. आज तुकडे धरूनही तीसेकच हाती आहेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते, पाण्याखालीही जळत राहते आणि जळली नाही तरी कुजून तपकिरी भुकटी होते, हे खरं. पण नुसत्या रसायनाला दोष देऊन सुटका होत नाही, कारण तेच रसायन जगभर होतं. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात चित्रपटाला स्वतंत्र कॉपीराइट नव्हता, छायाचित्राला होता. म्हणून निर्माते अख्खा चित्रपट कागदाच्या लांबच लांब पट्टीवर छापून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. मूळ फिल्म गेल्या, कागद राहिला आणि त्यावरून तीन हजारांच्या आसपास चित्रपट पुन्हा पाहता येऊ लागले. १९१२ मध्ये कायदा बदलला, कागदाची गरज संपली. त्यानंतरच्या मूकपटांची गत अमेरिकेतही वाईटच आहे. तिथल्या जवळपास अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ रूपात उरले ते शेकडा चौदा, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्याच २०१३ च्या पाहणीत आढळलं. देश तोच, रसायन तेच, श्रीमंतीही तीच. फरक होता तो प्रत जमा करण्याच्या सक्तीचा.

आपल्याकडेही ही सक्ती होती, पण पुस्तकाला. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारजमा करणं बंधनकारक केलं. सत्तावन्नच्या उठावानंतरचा तो काळ. पाळत ठेवणं हा त्यामागचा एक उघड हेतू. पण त्या पाळतीचे कागद आज वाङ्मयेतिहासाला उपयोगी पडतात. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायला लावलं. चित्रपटाची प्रत जतनासाठी मागणारा असा कायदा मात्र झाला नाही. आणि सरकारचं चित्रपटाकडे लक्ष नव्हतं असं म्हणावं, तर तेही नाही! १९१८ च्या कायद्यानंतर मुंबईत १९२० पासून सेन्सॉर बोर्ड बसलं. ‘सिंहगड’ प्रदर्शनाआधी सरकारच्या डोळ्यांखालून जाणं भाग होतं. १९२३ मध्येच मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा आला. ‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहून सरकारला हा कर सुचला, अशी एक आख्यायिका आहे, ती खरी असो-नसो, वर्ष मात्र तेच आहे. त्या वर्षापासून २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत तिकिटामागे कर गोळा होत राहिला. चित्रपट तपासणारा होता, त्यावर कर घेणारा होता. ठेवून घेणारा १९६४ मध्ये पुण्यात संग्रहालय निघालं तेव्हा आला, आणि तोही हात पुढे करून देणगी मागणारा, कायद्याने प्रत मागणारा नव्हे. संग्रहालयाचे पी. के. नायर फाळक्यांच्या कुटुंबाकडे गेले, निर्मात्यांच्या दारात गेले, जे मिळालं ते घेऊन आले. एका माणसाच्या चिकाटीवर देशाच्या चित्रपटाचा इतिहास उभा राहावा, हे नायरांचं मोठेपण आहे आणि आपली नामुष्कीही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो चुकीचा नाही. त्या तेराशेंतले बहुतेक चित्रपट सामान्य होते. पौराणिक ठोकळे, नाटकांची चित्रं. ते सगळे ठेवून करायचं काय? शाळा गळताहेत, दवाखान्यांत औषधं नाहीत आणि तुम्हाला वातानुकूलित गोदामं हवीत? चित्रपट सामान्य होते हे बहुधा खरं आहे. पण चांगलं-वाईट ठरवायला तरी ते समोर हवेत. कुठलं टिकवण्याजोगं आहे हे समकालीनांना कळतं, यावर माझा विश्वास नाही. १९२३ मध्ये कुणी निवड करायला बसलं असतं तर त्याने परदेशी चित्रपट ठेवले असते. पैशाचा मुद्दा मात्र उलटा आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटींची तरतूद जाहीर केली. ते आवश्यकच होतं, पण हा खर्च कुजू दिल्यानंतरचा आहे. वेळेवर ठेवलेल्या प्रतीला याच्या एका अंशाने भागतं. आणि नुसतं जमा करून हात झटकणंही पुरत नाही: जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि संग्रहालयाने जमवलेल्या नायट्रेट फिल्म जळाल्या. म्हणून एक प्रत एका गावात असून चालत नाही, हा धडा १९५४ च्या कायद्याने चार ग्रंथालयं नेमून आधीच गिरवला होता.

पुनर्रचनेच्या उत्साहात आणखी एक नुकसान आहे: शोध थांबतो. एलिनॉर ग्लिनच्या कादंबरीवरचा ‘बियाँड द रॉक्स’ हा १९२२ चा हॉलिवूडचा मूकपट हरवला असंच सगळे धरून चालले होते. तो २००३ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये एका खाजगी संग्राहकाच्या डब्यांत सापडला. १९१९ च्या ‘बिल्वमंगल’ या भारतीय मूकपटाचे ५९४ मीटर पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयात होते, २०१६ मध्ये ते पुण्यात आले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हैदराबाद इथल्या जुन्या थिएटरवाल्यांच्या माळ्यांवर, संस्थानिकांच्या कोठारांत, आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात गेलेल्या वितरकांच्या मालात काय आहे, हे पद्धतशीर कुणी धुंडाळलंय? यंत्राचा ‘सिंहगड’ एकदा दणक्यात प्रदर्शित झाला, की या खटपटीला पैसे मागायला जाणाऱ्याला एकच उत्तर मिळेल: तो तर आहे की आता.

आणि हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. गेल्या वीस वर्षांतले कित्येक मराठी चित्रपट निर्मात्याच्या कपाटातल्या एखाद-दोन हार्ड डिस्कवर आहेत. चालू न करता ठेवलेली डिस्क काही वर्षांनी उघडत नाही, हे संकलकाला विचारा, तो सांगेल. दूरचित्रवाणीला विकलेली प्रत किंवा यूट्यूबवरची कापलेली, दाबलेली आवृत्ती म्हणजे चित्रपट नव्हे. नायट्रेटची भुकटी व्हायला काही दशकं लागत होती, इथे काम लवकर आटोपतं. देशभराचा कायदा व्हायचा तेव्हा होवो, पण मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देतं. त्याचा शेवटचा हप्ता मूळ दर्जाची संपूर्ण फाइल जमा झाल्याशिवाय सोडायचा नाही, ती दोन वेगळ्या शहरांत ठेवायची, ठरावीक वर्षांनी उघडून तपासायची आणि नव्या साठवणीवर उतरवायची, एवढी अट काटेकोर घालायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. चोरीच्या प्रती निघतील ही निर्मात्यांची भीती रास्त आहे. म्हणून जमा केलेली फाइल हक्क संपेपर्यंत कुणाला दाखवायची नाही, अभ्यासकालाही निर्मात्याच्या परवानगीनेच, असं त्याच आदेशात लिहावं. खर्च मोठा, हे कारण मात्र ऐकून घेऊ नये. एका चित्रपटाची फाइल साठवण्याच्या चुंबकीय फितीला जेवढे पैसे पडतात, त्याहून जास्त मुहूर्ताच्या दिवशी हारतुऱ्यांवर जातात.